विश्लेषण : लैंगिकता शिक्षणाचा वाद निकाली निघाला, तरी वर्ग का भरत नाही?

लैंगिक शिक्षणाने मुले बिघडतात का, हा प्रश्न आपल्याकडे दर काही वर्षांनी नव्याने विचारला जातो. कधी विधिमंडळात, कधी पालकसभेत, कधी एखादी भयंकर घटना घडल्यावर वाहिन्यांवरच्या चर्चेत. जगभरातील संशोधकांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे आणि ते पुढच्या प्रश्नांकडे वळले आहेत. शिकवायचे कोणी? कोणत्या शब्दांत? शरीराबद्दल सांगताना नात्यांबद्दल काय सांगायचे? आणि एवढे करूनही हाती काय लागते? महाराष्ट्रात चर्चा व्हायला हवी ती याच प्रश्नांची.

न्यायालयाने काय म्हटले?

सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे दोनदा या विषयाला हात घातला. सप्टेंबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती बाळगण्याविषयीचा महत्त्वाचा निकाल दिला. शिक्षेपुरते न थांबता न्यायालयाने लैंगिक शिक्षणाची गरज सविस्तर मांडली. हे शिक्षण म्हणजे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, त्याने तरुणांत स्वैराचार वाढतो, हे समज निराधार असल्याचे निकालात नमूद आहे. महाराष्ट्रातील ९०० हून अधिक कुमारवयीनांच्या एका अभ्यासाचाही त्यात दाखला आहे. ज्यांच्या हाती या विषयाची शास्त्रीय माहिती पडली नव्हती, त्यांच्यात लैंगिक संबंध लवकर सुरू होण्याचे प्रमाण अधिक आढळले, असे तो सांगतो. अशा एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण ती नेहमीच्या भीतीच्या नेमकी उलट दिशा दाखवते.

त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये, उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन आरोपीच्या जामीन प्रकरणात, हे शिक्षण नववीपासून नव्हे तर त्याआधीच सुरू व्हायला हवे, असे मत न्यायालयाने नोंदवले.

‘मुले बिघडतात’ याला पुरावा आहे का?

नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये या विषयावरील आपली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुधारली, तेव्हा २२ पद्धतशीर आढावे आणि ७७ यादृच्छिक नियंत्रित चाचण्या यांचा आधार घेतला होता. यादृच्छिक चाचणी म्हणजे, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही शाळांत कार्यक्रम राबवायचा, काहींत नाही, आणि दोन्हींतल्या मुलांत काय फरक पडतो ते पाहायचे. औषधे तपासण्याची हीच रीत. निष्कर्ष असा की, शाळेतल्या या शिक्षणाने लैंगिक संबंध लवकर सुरू होत नाहीत वा वाढत नाहीत. माहिती वाढते, आणि अनेक ठिकाणी पहिला संबंध लांबणीवर पडतो.

उलट बाजूचीही परीक्षा झाली आहे. ‘लग्नापर्यंत संयम’ एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांवर अमेरिकेने अनेक वर्षे सरकारी पैसा ओतला. त्याचा परिणाम काय, हे तपासण्याचा आदेश खुद्द अमेरिकी काँग्रेसनेच दिला. चार कार्यक्रमांतील दोन हजारांहून अधिक मुलांचा चार ते सहा वर्षे मागोवा घेऊन ‘मॅथमॅटिका’ या संस्थेने २००७ मध्ये अहवाल दिला. संयमाचे धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत काहीच फरक नव्हता. संबंध न आलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे, आणि ज्यांचा आला त्यांचे पहिल्या वेळचे सरासरी वयही सारखेच.

मग शिकवले की सारे साधते?

तसेही नाही, आणि समर्थकांनी हे मान्य करायला हवे. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आठ मोठ्या चाचण्यांतील ५५ हजारांहून अधिक मुलामुलींच्या माहितीचा आढावा घेतला. त्यात आफ्रिकी देश, लॅटिन अमेरिका व युरोपातील शाळा होत्या. केवळ शाळेतल्या तासांमुळे एचआयव्ही, इतर संसर्ग किंवा कुमारवयीन गर्भधारणा कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. मुलींना शाळेत टिकून राहण्यासाठी दिलेल्या आर्थिक प्रोत्साहनाने मात्र गर्भधारणा कमी होऊ शकते, असे संकेत मिळाले. स्कॉटलंडमध्ये शिक्षकांना खास प्रशिक्षण देऊन राबवलेल्या कार्यक्रमाचीही हीच गत झाली. मुलांची माहिती वाढली, त्यांना तास आवडला, पण गर्भपातांचा आकडा हलला नाही.

वर्षाकाठी पाच-दहा तासांच्या शिकवणीने गरिबी, शाळागळती, बालविवाह आणि आरोग्य केंद्रातील अपमानास्पद वागणूक यांवर मात करावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. गणिताच्या तासाने बेकारी हटली नाही म्हणून गणित बंद करा, असे कोणी म्हणत नाही. लैंगिकता शिक्षणाला मात्र दरवेळी हिशेब मागितला जातो, आणि तोही फक्त रोग व गर्भधारणेच्या आकड्यांत.

फरक नेमका कशाने पडतो?

या संशोधनातील सर्वांत बोलका निष्कर्ष २०१५ चा आहे. पॉप्युलेशन कौन्सिलच्या संशोधक निकोल हॅबरलँड यांनी काटेकोर मूल्यमापन झालेले २२ कार्यक्रम निवडले आणि त्यांची एका प्रश्नावर विभागणी केली. या कार्यक्रमात स्त्री-पुरुष विषमता आणि नात्यातली सत्ता यांविषयी बोलले गेले की नाही? बोलणाऱ्या १० कार्यक्रमांपैकी ८० टक्क्यांत संसर्ग किंवा नको असलेली गर्भधारणा लक्षणीयरीत्या घटली होती. न बोलणाऱ्या १२ पैकी १७ टक्क्यांतच, म्हणजे जेमतेम दोहोंत, तसे झाले.

याचा अर्थ समजायला अवघड नाही. निरोध कसा वापरायचा हे मुलीला माहीत असून उपयोग काय, जर ‘वापर’ असे म्हणण्याची तिची पत नसेल? ‘नाही’ म्हटले तर तो सोडून जाईल, मारेल किंवा फोटो पसरवेल, ही भीती शरीरशास्त्राच्या आकृतीने जात नाही. मुलालाही कोणी सांगितलेले नसते की गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, आणि पाठलाग म्हणजे प्रेम नव्हे. चित्रपटांनी त्याला पिढ्यानपिढ्या उलटेच शिकवले आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा २०१८ चा एक अभ्यास हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. महाविद्यालयात येण्यापूर्वी ज्या मुलींना नकार कसा द्यायचा याचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले होते, त्यांच्यावर महाविद्यालयीन काळात बलात्कारासारखे अत्याचार होण्याचे प्रमाण कमी आढळले. नुसत्या संयमाच्या उपदेशाने असे संरक्षण मिळालेले नव्हते. अर्थात नकार शिकवण्याची जबाबदारी मुलींवर टाकून मुलांना मोकळे सोडायचे, असा याचा सोयीस्कर अर्थ काढू नये. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मुलग्यांना लहान वयातच शिकवण्यावर भर दिला होता.

भारतातले, आणि थेट मुंबईतले, अनुभव याला जुळणारे आहेत. २००८ ते २०१० या काळात इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वुमन, मुंबईची ‘कोरो’ आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ नावाचा उपक्रम राबवला. घरकाम कोणाचे, चिडवणे आणि मारणे यांतला फरक, वयात येताना काय बदलते, अशा गोष्टींवर गटचर्चा. मुलांची मते स्पष्टपणे बदलली. प्रत्यक्ष मारामारीबाबतचे निष्कर्ष मात्र संमिश्र राहिले. पुढे हरियाणात ३१४ सरकारी शाळांतील अशाच चर्चासत्रांची मोठी चाचणी झाली. दर तीन आठवड्यांनी एक, ४५ मिनिटांचे सत्र, अडीच वर्षे. स्त्री-पुरुष समानतेबाबत मुलांच्या विचारांत झालेला बदल कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही टिकून होता. लिंगगुणोत्तराबाबत सर्वाधिक बदनाम राज्यात हे घडले.

मुलांना विचारले तर?

शिक्षण कोणासाठी, त्यांनाच विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात नेमके तेच केले. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान, इराण, ब्राझील अशा दहा देशांतील ५५ अभ्यासांत तरुणांनी आपल्या शाळेतल्या या तासाबद्दल काय सांगितले, ते त्यांनी एकत्र केले. २५ वर्षे आणि दहा देश, पण तक्रारी जवळपास एकच.

शाळा हा विषय इतर विषयांसारखाच शिकवू पाहतात, तो तसा नाही, ही पहिली तक्रार. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘हिला फार माहिती दिसते’ म्हणून हिणवले जाते. मुलग्यांना काहीच माहीत नसल्याचे उघडे पडण्याची धास्ती असते, म्हणून ते दंगा करतात. शिक्षक लाजतात, आणि त्यांची लाज वर्गभर पसरते. जे शिकवले जाते ते फार शास्त्रीय, फार उशिरा आणि फार नकारात्मक असते. रोगांची यादी असते, नात्याबद्दल शब्द नसतो. समलिंगी आकर्षण वाटणाऱ्या मुलांना तर आपण वर्गात नाहीच असे वाटते.

सर्वांत लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे, मुलांना हा तास रोजच्या शिक्षकांनी घेतलेला नको असतो. जे सर सकाळी हा विषय शिकवणार, तेच दुपारी भूगोलाचा पेपर तपासणार, शिस्त लावणार आणि पालकांना भेटणार. अशा माणसाला मनातले कसे विचारायचे? बाहेरून येणारा प्रशिक्षित माणूस, न लाजणारा, वर्ग सांभाळू शकणारा आणि तास संपल्यावर निघून जाणारा, त्यांना बरा वाटतो.

मराठी वर्गातली खास अडचण

आपल्याकडे दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात प्रजननाचा पाठ आहे. आकृत्या आहेत, संप्रेरकांची नावे आहेत. हा पाठ ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देणे, किंवा मुली आणि मुलगे वेगळे बसवून घाईने उरकणे, ही अनेक मराठी शाळांतली ओळखीची गोष्ट. पाठ आहे, तास नाही.

त्यात भाषेची गाठ आहे. शरीराच्या या भागांसाठी मराठीत दोनच कप्पे उरले आहेत. एक पाठ्यपुस्तकातला संस्कृत, जो घरी कोणी बोलत नाही. दुसरा शिव्यांचा, जो वर्गात बोलता येत नाही. यांच्या मधली, आईने मुलीशी किंवा शिक्षकाने मुलाशी सहज बोलावी अशी भाषा फारशी घडलीच नाही. ‘लैंगिक’ हा शब्दही मुले प्रथम वाचतात तो बहुधा बातमीत, ‘छळ’ किंवा ‘अत्याचार’ या शब्दांना जोडून. अशा शब्दापुढे ‘शिक्षण’ लावले की पालक दचकतात, यात नवल नाही. म्हणून अभ्यासक हल्ली ‘लैंगिकता शिक्षण’ किंवा ‘नातेसंबंध व लैंगिकता शिक्षण’ असे म्हणतात. इंग्लंडने तर प्राथमिक शाळांत ‘नातेसंबंध शिक्षण’ हेच नाव ठेवून २०२० पासून ते सक्तीचे केले.

वास्तविक ही भाषा घडवण्याचा प्रयत्न मराठीतच झाला होता. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या सरळ उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. खटला कर्वे हरले, त्यांना दंड झाला.

२००७ मध्ये काय घडले?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था आणि केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय यांनी शाळांसाठी ‘कुमारवयीन शिक्षण कार्यक्रम’ आखला. शिक्षकांसाठीच्या साहित्यातील चित्रे अश्लील आहेत, असा आक्षेप आला आणि आमदारांच्या विरोधानंतर २००७ मध्ये महाराष्ट्राने तो थांबवला. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात अशी इतर राज्येही त्या रांगेत होती. २००९ मध्ये वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने तर भारतीय संस्कृतीत लैंगिक शिक्षणाला स्थान नाही, असाच अहवाल दिला.

योगायोग असा की, त्याच २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी एक ना एक प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे होते. चित्रे अश्लील की ही आकडेवारी, हा प्रश्न तेव्हा सभागृहात कोणी विचारायला हवा होता. आपल्याकडे हे प्रश्न लग्नानंतरचे, असे म्हणण्यातही अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. लैंगिक जीवनाची सुरुवात लवकर होते आहेच, फक्त मंगलाष्टके म्हणून.

वर्ग नाही, पण पोलीस ठाणे आहे

शिक्षण आले नाही, कायदा मात्र आला. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही. बंगळूरुच्या ‘एनफोल्ड’ संस्थेने महाराष्ट्र, आसाम व पश्चिम बंगालमधील २०१६ ते २०२० या काळातील ७,०६४ निकाल तपासले. त्यांतील २४.३ टक्के, म्हणजे जवळपास प्रत्येक चौथे प्रकरण, प्रेमसंबंधाचे होते. फिर्यादी बहुतेकदा मुलीचे आई-वडील वा नातेवाईक, आणि बहुतेक प्रकरणांत अखेर निर्दोष सुटका. पण तोवर मुलगा कोठडीत, मुलगी निरीक्षणगृहात किंवा घरात कोंडलेली, दोघांची शाळा सुटलेली. संमती, वय आणि कायदा यांविषयी या मुलांशी बोलणारा पहिला प्रौढ माणूस पोलीस असतो, ही आजची स्थिती आहे.

शिक्षकांची कोंडीही येथेच होते. गुन्ह्याची माहिती असून ती न कळवणाऱ्याला पोक्सोमध्ये सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. अत्याचाराच्या बाबतीत हे योग्यच. पण सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या मित्राबद्दल विश्वासाने सांगितले, तर बाईंनी काय करायचे? ‘तुझे गुपित माझ्याकडे राहील’ असे वचन त्या देऊ शकत नाहीत. प्रशिक्षणात या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर नसेल, तर शहाणी शिक्षिका विषयच काढणार नाही. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाकायची पेटी अनेक कार्यक्रमांत वापरतात, त्यामागे लाजेइतकेच हेही कारण आहे.

झारखंडला जमले ते कसे?

इतर राज्ये माघार घेत असताना झारखंडने २००६ पासून आपला कार्यक्रम चालू ठेवला. राज्य सरकार आणि आता ‘सेंटर फॉर कॅटलायझिंग चेंज’ म्हणून ओळखली जाणारी संस्था यांनी मिळून त्याला ‘उडान’ हे नाव दिले. वयात येणे, आत्मविश्वास, लिंगभेद, एचआयव्ही असे विषय शाळेच्या वेळापत्रकातच बसवले. साहित्य राज्यातल्या लोकांशी बोलून तयार केले, अधिकारी, मुख्याध्यापक, पालक आणि पत्रकारांना आधी विश्वासात घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालात या कार्यक्रमाचे कौतुक आहे. धोरणी तडजोडी तिथेही झाल्या. संवेदनशील भाग हळूहळू आणि मोजक्या शब्दांत आणला गेला. शुद्धतावादी समर्थकांना हे खटकेल, पण एकदम सारे शिकवायला निघून २००७ मध्ये काहीच शिकवता न आलेल्या महाराष्ट्रापेक्षा ते बरे.

आता अडते कुठे?

कागदावर व्यवस्था आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, ‘आरोग्य दूत’ म्हणून नेमायचे आहेत. ११ विषय ठरले आहेत. पोषण, व्यसने, इंटरनेटचा सुरक्षित वापर यांच्या जोडीला प्रजनन आरोग्य आणि लिंगसमानताही त्यात आहे. सरकारी रुग्णालयांत कुमारवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहेत.

पण आरोग्य दूत हे त्याच शाळेतले, तेच पेपर तपासणारे शिक्षक आहेत, म्हणजे मुलांना जे नको असते तेच. अकरा विषयांतून कोणता शिकवायचा आणि कोणता ‘वेळ मिळाला तर’ ठेवायचा, हे त्यांच्या हाती. पोषणाचा तक्ता भिंतीवर लावणे सोपे. परीक्षेत ज्याला गुण नाहीत असा तास नववी-दहावीत आधी गणिताला जातो, उरला तर इंग्रजीला. त्यामुळे सरकारने आणखी एक परिपत्रक काढण्यापेक्षा तीन गोष्टी ठरवाव्यात. हा तास पाचवी-सहावीपासून, परीक्षेचे दडपण नसताना, वेळापत्रकात कोणत्या वारी आहे? तो घ्यायला तालुक्यात फिरणारे प्रशिक्षित लोक किती आहेत, आणि त्यांचा पगार कोणत्या खात्यातून? आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली कोणती गोष्ट पोलिसांकडे न्यायची, कोणती समुपदेशकाकडे, याची लेखी नियमावली शिक्षकांच्या हाती कधी पडणार?